बजीची जोडी आणि मटका टांगायची घाई

राळेवाला

दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून जे हिरवे-निळे-पिवळे पक्षी विकतात, ते बहुतेक वेळा बजरीगर असतात, म्हणजे बजी. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे, जाड चोचीचे. बजी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ पट्ट्यातला. हा फरक नुसता नावापुरता नाही. तिकडे पाऊस कधी पडेल याचा नेम नसतो. पाऊस पडला, गवताला दाणा धरला, झाडात ढोली मिळाली की बजी लगेच अंडी घालतो, आणि दाणा संपला की थांबतो. आपल्या पिंजऱ्यात दाणा कधीच संपत नाही. त्यामुळे ढोलीसारखं भोक दिसलं की मादी सुरू होते, आणि ते काढलं नाही तर थांबत नाही. थांबवायचं काम आपलं. बाजारात 'मादी अंडी घालूनच मेली' अशा ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांत बहुधा अंडी घालायचा मटका पिंजऱ्यात वर्षभर टांगलेला असतो.

तेव्हा आधी वय बघा. कपाळावरच्या काळ्या आडव्या रेघा थेट नाकापर्यंत आल्या असतील तर पिल्लू तीन-चार महिन्यांच्या आतलं आहे. पहिल्या पीसगळीत त्या रेघा जाऊन कपाळ स्वच्छ होतं. पिल्लाचा डोळा पूर्ण काळा असतो, बुबुळाभोवती पांढरी कडी नंतर हळूहळू उमटते. मादी किमान ११-१२ महिन्यांची आणि नर १० महिन्यांचा हवा. 'ब्रीडिंग पेअर' म्हणून हातात दिलेल्या जोडीच्या कपाळावर रेघा दिसल्या तर ती जोडी नाही, दोन पोरं आहेत.

नर-मादी नाकावरच्या मेणपट्टीवरून ओळखायची. मोठ्या नराची पट्टी गडद निळी. मादीची फिकट, नाकपुड्यांभोवती पांढरट कडा असलेली. अंड्यावर यायला लागली की तपकिरी आणि खरखरीत होते. फसगत होते ती लहानपणी: नर पिल्लाचं नाक गुलाबी-जांभळं असतं आणि मादी पिल्लाचं फिकट निळसर, त्यामुळे 'निळं म्हणजे नर' म्हणून दोन माद्या घरी येतात. रेड आय पिवळा, रेड आय पांढरा आणि रेसेसिव्ह पाइड (अंगावर दुरंगी ठिगळं असलेला) या प्रकारांत मोठ्या नराचंही नाक गुलाबी-जांभळंच राहतं.

एका जोडीला २ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पिंजरा. तारांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, डोकं अडकतं. जस्ताचा मुलामा दिलेली नवी जाळी असेल तर व्हिनेगर आणि ब्रशने घासून, धुऊन, वाळवूनच वापरा. बजी तार चावतो आणि जस्ताचे सुटे कण पोटात गेले की विषबाधा होते.

आता जे सगळ्यात कमी पाहिलं जातं ते: बसायची काठी. पेरूची ताजी फांदी, १० ते १५ मिलिमीटर जाडीची, दोन्ही टोकं घट्ट बांधलेली. काठी हलली किंवा फिरली तर नराचा तोल जातो, जोडणी पुरी होत नाही आणि अंडी रिकामी निघतात. मग लोक नर बदलतात. काठी आवळायला लागते फक्त एक तार.

तिसरा_मजला

राळेवाले दादा, छान सुरुवात. धान्याचं प्रमाण द्याल का? दुकानातल्या मिक्समध्ये सूर्यफूलही असतं.

राळेवाला

सूर्यफूल काढून टाका. बजी तेच निवडून खातो, चरबी वाढते आणि लठ्ठ मादीची अंडी अडकतात. घरी मिसळायचं तर राळे ४ भाग, कनारी सीड २ भाग, सालासकट वरी १ भाग, बाजरी १ भाग. उपासाची भगर चालणार नाही, तिचं साल काढलेलं असतं. एका पक्ष्याला दिवसाला चहाचे दोन लहान चमचे, साधारण ८ ते १० ग्रॅम.

एक धोका लक्षात ठेवा. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल त्याच वाटीत टाकतो. संध्याकाळी वाटी भरलेली दिसते आणि आत नुसता कोंडा असतो. दोन दिवस गावाला जाताना 'भरपूर टाकलंय' म्हणून गेलेल्यांचे पक्षी असेच उपाशी मेलेत. रोज वाटीवर फुंकर मारायची, खाली काय उरलंय ते पाहायचं.

नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या बजीला आयोडीन आणि 'अ' जीवनसत्त्व कमी पडतं. आयोडीन कमी पडलं की गळ्यातली ग्रंथी सुजते आणि श्वासाबरोबर बारीक चूं-चूं आवाज येतो. आयोडीन मिसळलेला मिनरल ब्लॉक पिंजऱ्यात ठेवा. समुद्रफेस बारा महिने लटकलेला हवा. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला रोज चिमूटभर, धुऊन, पाणी झटकून. पालक कधीमधीच, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. ॲव्होकाडो, चॉकलेट, कांदा अजिबात नको.

मटका टांगायच्या तीन आठवडे आधीपासून एक दिवसाआड मऊ खाणं: उकडलेलं अंडं, वाळलेल्या ब्रेडचा चुरा, किसलेलं गाजर. पक्ष्यामागे एक चमचा. सकाळी ठेवायचं आणि तीन तासांत काढायचं. आपल्या हवेत त्यानंतर ते आंबतं.

खाडीकाठ

कोकणातल्यांसाठी पुरवणी. पावसाळ्यात धान्य पंधरा दिवसांच्या वर साठवू नका. ओल धरलेल्या बाजरीवर बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधीच तिचं विष तयार झालेलं असतं, आणि ते थेट यकृतावर जातं. वास घ्या, कुबट आला तर पोतं परत. दुसरी तपासणी मोड आणून: १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळा, चार-पाच दिवसांत ८० च्या आसपास मोड आले तर दाणा जिवंत आहे. निम्मेच आले तर तो जुना. टोके दिसले तर धान्य तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचं. डाळीला लावतात ती बोरिक पावडर किंवा कोठीत टाकायच्या गोळ्या यातलं काहीही पक्ष्याच्या धान्याजवळ नको.

आणि मटका नको, लाकडी खोकं लावा, हे माझं ठाम मत.

वऱ्हाडी_ऊन

खाडीकाठ भाऊ, मटका स्वस्त असतो, माती आत गारवा धरते, आणि मादी त्यात पटकन शिरते. आमच्याकडे मटकाच चालतो.

खाडीकाठ

शिरते हो. पण नंतर तुम्हाला आत हात घालता येत नाही. दोन इंचांच्या भोकातून मेलेलं पिल्लू कसं काढणार? माती सच्छिद्र, तिच्यात विष्ठा मुरते, माइट (अंगावरचे बारीक किडे) भेगांत बसतात, आणि उकळतं पाणी घातलं की मटका तडकतो. शिवाय तळ गोल आणि गुळगुळीत. पिल्लाचे पाय दोन बाजूंना घसरत जातात आणि दहाव्या दिवशी ते बेडकासारखं फाकलेलं दिसतं.

खोकं प्लायचं, आतून ६ इंच लांब, ६ इंच रुंद, ९ इंच उंच. भोक पावणेदोन इंचांचं, वरच्या भागात, आतून एक आडवी पट्टी पाय टेकायला. मागची बाजू सरकती. तळाला जाड लाकडी ठोकळा आणि त्यात पाऊण इंच खोल बशीसारखा खळगा. खळगा मधोमध न कोरता भोकापासून लांबच्या बाजूला कोरा, म्हणजे आत उडी मारणारी मादी अंड्यांवर पडत नाही. वर मूठभर जाडसर रंध्याचा भुसा. करवतीखालचा बारीक भुसा नको, तो श्वासात जातो. पॉलिश किंवा फेविकॉल लागलेलाही नको. मादी निम्मा भुसा बाहेर फेकेल, फेकू द्या.

वऱ्हाडी_ऊन

ठीक आहे, पाय फाकण्याचा मुद्दा मान्य. मटकाच वापरणाऱ्यांनी निदान तळाला इंचभर भुसा आणि त्याखाली पातळ गोणपाटाचा तुकडा घालावा, पायाला पकड मिळते. गोणपाटाचे दोरे सुटत असतील तर मात्र नको, बोटाला गुंडाळले जातात.

विदर्भाचं गणित वेगळं आहे. अंड्याला आत साधारण साडेसदतीस अंश लागतात. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे हवाच ४२-४४ अंश असते. मादी उठून बाहेर आली तरी अंडं तापतच राहतं आणि आतलं पिल्लू मरतं. म्हणून उलटं मोजायचं. खोकं टांगल्यापासून पहिलं अंडं यायला १०-१२ दिवस, पाच अंडी पुरी व्हायला आणखी ८, शेवटचं फुटायला १८, ते पिल्लू बाहेर पडायला ३५. झाले ७३ दिवस. १ जानेवारीला टांगलं तर शेवटचं पिल्लू मार्चच्या मध्याला बाहेर. १ जानेवारीनंतर टांगू नका. पुण्या-नाशिककडे तीन-चार आठवडे सवलत घ्या. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. पिंजरा भिंतीच्या सावलीत, दोन बाजूंनी ओलं पोतं, आणि आंघोळीला उथळ थाळी.

तिसरा_मजला

पाच अंडी आहेत. सातव्या दिवशी अंधारात मोबाइलचा टॉर्च धरून पाहिलं, तिघांत लाल शिरा आहेत, दोन नुसती पिवळी. ती काढावीत का? आणि पहिल्या अंड्याला आज १९ दिवस झाले, फुटलं नाही.

राळेवाला

रिकामी दोन राहू द्या. बाकीची उबेला धरून ठेवायला आणि नंतर पिल्लांना टेकायला उपयोगी पडतात. शेवटचं पिल्लू फुटलं की काढा.

१९ दिवसांचं कोडं असं. अंडी एक दिवसाआड येतात, पण बऱ्याच माद्या पहिल्या अंड्यावर नीट बसत नाहीत, दुसरं आल्यावर बसतात. अठरा दिवस घातल्यापासून नव्हे, बसल्यापासून. समजा अंडी १, ३, ५, ७ आणि ९ तारखेला आली आणि मादी ३ ला बसली. मग पहिली दोन २१ ला फुटतील, पुढची २३, २५, २७ ला. तुमचं पहिलं अंडं उशिरा नाही, मोजणी लवकर सुरू झालीय. अंड्यावर पेन्सिलने टोचू नका, पाण्याच्या शाईच्या मऊ पेनाने नंबर घाला. २४-२५ दिवस उलटले तरच ते सोडायचं.

याच हिशेबातून पुढची अडचणही दिसते: थोरलं पिल्लू धाकट्यापेक्षा सहा दिवसांनी मोठं असतं. बजीच्या पिल्लांत सहा दिवस म्हणजे कित्येक पट वजन. धाकटं खाली दबतं. दुसऱ्या जोडीची पिल्लं त्याच वयाची असतील तर धाकटं तिकडे सरकवा. बजी दुसऱ्याचं पिल्लू सहज स्वीकारतो. नवशिक्यांनी एकाच वेळी दोन जोड्या लावाव्यात, ते यासाठीच.

अजून एक, घाबरू नका: अंड्यावर बसलेल्या मादीची विष्ठा मोठी, ढेकळासारखी आणि घाण वासाची असते. ती तासन्‌तास रोखून धरते म्हणून. तो जुलाब नाही.

पिसं_आणि_पेशी

आता अंडं अडकण्याबद्दल, कारण तिथे वेळ फार थोडा असतो. लक्षणं: मादी पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी, पाय फाकून, शेपटी श्वासागणिक वरखाली, पोटाखाली फुगवटा. कारणं ठरलेली: कमी वय, कॅल्शियमची उणीव, लठ्ठपणा, थंडी, अंड्यांच्या लागोपाठ खेपा. तिला लहान खोक्यात वेगळं करा, एका बाजूला ४० वॅटचा पिवळा बल्ब, आत ३० ते ३२ अंश, शेजारी ओलं फडकं, म्हणजे हवा दमट राहील. पाण्यात पक्ष्यांचं द्रव कॅल्शियम. दोन-तीन तासांत अंडं आलं नाही तर पक्षी बघणारा डॉक्टर. दाबायचं नाही, टोचायचं नाही. अंडं आत फुटलं तर बहुधा मादी जाते.

चोचीभोवती, नाकावर मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकाभोकाची खपली दिसली तर ते खरजेचे माइट. आयव्हरमेक्टिनच्या थेंबाने जातात, पण मात्रा पक्ष्याच्या वजनावर ठरते, म्हणून डॉक्टरकडूनच. उपचार जोडीतल्या दोघांना. पक्षी सतत खातोय तरी छातीचं हाड धारदार लागतंय आणि विष्ठेत अख्खे दाणे दिसतायत, तर जठरातल्या बुरशीचा संशय घ्या. विष्ठा तपासूनच औषध. अंदाजाने दिलेल्या अँटिबायोटिकने ती बुरशी हलतसुद्धा नाही.

पिल्लं बाहेर पडायच्या वेळी पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं गळून पिल्लं उडू न शकता नुसती पळत राहिली, तर त्यामागे बहुधा विषाणू असतो. त्या जोडीचं प्रजनन थांबवा, त्या खोक्यातलं काहीही दुसऱ्या खोक्यात नेऊ नका. नवा पक्षी ३० दिवस वेगळ्या खोलीत, हा नियम त्यासाठीच. आणि पक्ष्यांच्या खोलीत मच्छर कॉइल, धूप, तापलेलं नॉनस्टिक भांडं नको. कोरड्या तापलेल्या नॉनस्टिकचा धूर काही मिनिटांत पिंजरा रिकामा करतो.

तिसरा_मजला

पिल्लं फुटली की रोज बघावं का? मादी टाकून देते म्हणतात.

खाडीकाठ

रोज बघा. बजी माणसाच्या वासाने पिल्लं टाकत नाही. मादी दाणे खायला बाहेर आली की मागची पट्टी सरकवा, मिनिटभरात उरका. काय पाहायचं: गळ्यातली पिशवी. पिल्लांना पिसं नसतात तेव्हा ती उजव्या-मधल्या बाजूला फुग्यासारखी आणि आतलं खाणं पांढरट दिसतं. ज्याची सपाट, त्याला भरवलेलं नाही.

मग चोच आतून. पिल्लू तळहातावर उताणं घ्या, वरच्या चोचीच्या आत डोकावा. भरवलेलं खाणं तिथे सुकून घट्ट बसतं, आणि ते राहिलं तर वरची चोच आतल्या आत अडकून खालची बाहेर वाढते. असा पक्षी आयुष्यभर दाणा नीट सोलू शकत नाही. बोथट टूथपिक कोमट पाण्यात बुडवून ते हळूच खरवडून काढा. दहा सेकंदांचं काम. बोटांवर विष्ठेचे गोळे चिकटले असतील तर ओढू नका, नख उपटून येतं. पाय कोमट पाण्यात भिजवून सोडवा.

पाय फाकायला लागलेले दिसले तर पहिल्या दोन आठवड्यांत सुधारतात. मेकअपच्या स्पंजचा तुकडा घ्या, नैसर्गिक अंतरावर दोन चिरा, त्यांत दोन पाय, वरून मायक्रोपोरची चिकटपट्टी. दर दोन दिवसांनी सोडून बघा, कारण पाय जाड होत असतो. चार-पाच दिवस पुरतात. पिसं पुरी आल्यावर हाड तयार झालेलं असतं, मग काही करता येत नाही.

ओळखीसाठी पायात कडी घालायची तर ५ ते १० दिवसांच्या दरम्यान. साध्या बजीला ४ मिलिमीटर. तीन लांब बोटं एकत्र पुढे धरून कडी त्यावरून सरकवा, चौथं सगळ्यात लहान बोट मागे पायाला टेकवून त्यावरून पार करा आणि मग ते सोडवा. अकराव्या दिवशी जोर लावून घालू नका.

वऱ्हाडी_ऊन

रंगाचा प्रश्न. रेड आय पिवळा नर, साधी हिरवी मादी. पिवळी निघालेली सगळी पिल्लं मादीच असतात असं म्हणतात, हे खरं का?

मोरपंखी

खरं आहे. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. रेड आय हा गुण झेडवर बसलेला आणि सुप्त. लेकीला तिचं एकुलतं झेड बापाकडूनच मिळतं. बाप रेड आय, म्हणून लेक रेड आय. लेकाला दुसरं झेड आईचं, हिरवं, म्हणून तो दिसायला हिरवा, पण आत रेड आय घेऊन फिरणारा, म्हणजे स्प्लिट. आठवडा व्हायच्या आत ओळखता येतं: पापणी मिटलेली असताना हिरव्या पिल्लाचा डोळा काळा दिसतो, रेड आयचा नाही.

उलट जोडी लावली, शुद्ध हिरवा नर आणि रेड आय मादी, तर सगळी पिल्लं हिरवी. नर स्प्लिट, माद्या कोऱ्या. म्हणून कोणी 'ही हिरवी मादी रेड आयला स्प्लिट आहे' म्हणून जादा पैसे मागितले तर हसून पुढे जा. तिच्याकडे लपवायला दुसरं झेडच नाही. ओपलाइन आणि सिनॅमन या रंगप्रकारांचंही असंच.

निळा मात्र लिंगाशी जोडलेला नाही. शुद्ध हिरवा आणि निळा यांची पिल्लं सगळी हिरवी, सगळी निळ्याला स्प्लिट. दोन स्प्लिट लावले तर सरासरी चारांत एक निळा. सरासरी बरं का. एका खेपेत चारही हिरवी निघू शकतात. तुरेवाला-तुरेवाला अशी जोडी लावू नका, एक तुरेवाला आणि एक साधा ठेवा. दोन तुरेवाल्यांत काही अंडी आतच मरतात.

तिसरा_मजला

ताई, बापरे, समजलं. शेवटचे दोन: मादी तीन आठवड्यांच्या पिल्लांची पाठ उपटतेय. आणि पिल्लं वेगळी कधी करायची?

राळेवाला

उपटतेय म्हणजे तिला पुढची खेप घालायचीय आणि पिल्लं जागा अडवतायत. जोडीला दुसरं खोकं द्या, ती तिकडे जाईल. पिल्लांना बाप भरवत राहील. रक्त काढत असेल तर मादीलाच बाहेर काढा, या वयात एकटा नर तीन-चार पिल्लं सांभाळतो. दोन खेपा झाल्या की खोकं उतरवायचं, नर-मादी वेगळे, निदान सहा महिने. नुसतं खोकं काढलं आणि जोडी एकत्र ठेवली तर काही माद्या दाण्याच्या वाटीतच अंडं घालतात.

पिल्लू ३०-३५ दिवसांत बाहेर येतं, पण बाहेर आलं म्हणजे खायला शिकलं असं नाही. आणखी आठ-दहा दिवस बाप भरवतो. तळाशी उथळ ताटलीत राळे आणि भिजवलेले मोडाचे दाणे पसरून ठेवा, काठीवरच्या वाटीपर्यंत त्यांना जाता येत नाही. दाणा चोचीत फिरवणं म्हणजे खाणं नव्हे. पिल्लू सहा आठवड्यांचं झालं की एक दिवस सकाळपासून वेगळं ठेवा आणि संध्याकाळी दिवा मालवायच्या आधी त्याच्या गळ्याची पिशवी बोटाने चाचपा. आत दाणे खडखडीत लागले आणि ताटलीत ताजं टरफल दिसलं तर ठेवा तसंच. मऊ, रिकामी लागली तर रात्र व्हायच्या आत परत बापाकडे, चार दिवसांनी पुन्हा बघायचं.